मेलबर्न आणि जवळचा समुद्रकिनारा : दोघांनी दहा दिवस एकाच भागात काढावेत का?

कृष्णाकाठ

नमस्कार. येत्या नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही दोघांनी ऑस्ट्रेलियाला जायचे ठरवले आहे. हे ६१ वर्षांचे असून बँकेतून निवृत्त झाले आहेत. मी ५७ वर्षांची आहे आणि वाईजवळच्या एका शाळेत २८ वर्षे भूगोल शिकवून गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

ऑस्ट्रेलियाच का, याचे कारण थोडे हास्यास्पद वाटेल, पण सांगते. इतकी वर्षे दरवर्षी मी फळ्यावर एकच आकृती काढत आले : डावीकडे समुद्रकडा, त्याला लाटांनी पाडलेली गुहा, दोन्ही बाजूंनी गुहा आरपार झाली की कमान, आणि कमानीचे छत कोसळले की पाण्यात एकटा उभा राहिलेला सागरी स्तंभ. 'नामनिर्देशित आकृती काढा, चार गुण.' तो स्तंभ मी स्वतः कधीही पाहिलेला नाही. मेलबर्नच्या पश्चिमेला ग्रेट ओशन रोडवर असे स्तंभ ओळीने उभे आहेत, ते मला डोळे भरून पाहायचे आहेत.

ओळखीच्या एका यात्रा कंपनीने दहा रात्रींचा जो कार्यक्रम दिला आहे त्यात केर्न्स दोन, गोल्ड कोस्ट तीन, सिडनी तीन आणि मेलबर्न दोन अशी विभागणी आहे. स्तंभांची सहल एका दिवसात, म्हणजे सकाळी सातला बसने निघून रात्री आठला परत, आणि प्रत्यक्ष स्तंभांपाशी ४५ मिनिटे. माझे म्हणणे असे की दहाही दिवस मेलबर्न आणि तिथला किनारा यांनाच द्यावेत. ह्यांचे आणि समस्त नातेवाइकांचे म्हणणे असे की एवढा खर्च करून एकच शहर पाहून येणे म्हणजे ताटातली चटणी चाखून उठण्यासारखे आहे. जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी कृपया मत द्यावे.

चहाबाज

ताई, वाईट बातमी आधीच सांगून ठेवतो. ज्यांना 'ट्वेल्व्ह अपॉसल्स', म्हणजे बारा प्रेषित म्हणतात, ते बारा नाहीत. नाव पडले तेव्हाही नव्हते. नऊ होते, त्यातला एक पडला, आता आठ आहेत. त्याआधी त्यांना 'डुकरीण आणि तिची पिल्ले' अशा अर्थाचे नाव होते. त्या नावाने पर्यटक आले नसते, हे उघड आहे.

यारातीर

मी १४ वर्षे मेलबर्नच्या पूर्वेकडील उपनगरात राहतो, मूळचा डोंबिवलीचा. दरवर्षी कोणाचे ना कोणाचे आईवडील, काकाकाकू येतात आणि त्यांना फिरवण्याचे काम आमच्याकडे असते, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. कृष्णाकाठताई, तुमचेच बरोबर आहे.

शहराला चार दिवस सहज लागतात. मध्यवर्ती भागात १ जानेवारी २०१५ पासून ट्रामचा प्रवास विनामूल्य आहे. त्या हद्दीत चढा, उतरा, कोणी विचारत नाही. हद्द संपताना ट्राममध्ये तशी घोषणा होते. ती ऐकूनही बसून राहायचे असेल तर मात्र मायकी कार्ड, म्हणजे तिथले तिकिटाचे कार्ड, टेकवलेले असले पाहिजे. ३५ क्रमांकाची जुनी ट्राम शहराला वळसा घालते. पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण असताना नुसते खिडकीशी बसून तिने एक फेरी मारावी, यासारखी शहराची ओळख नाही. फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकाची पिवळी इमारत, दारावरच्या घड्याळांची रांग, समोर २००२ साली खुला झालेला फेडरेशन स्क्वेअर, आणि मागे यारा नदी, हे सगळे पायी पाच मिनिटांच्या अंतरात आहे.

आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना सर्वांत जास्त काय आवडले असे विचारलेत तर उत्तर अनपेक्षित आहे : स्टेट लायब्ररी. १९१३ साली बांधलेल्या घुमटाखालचे अष्टकोनी वाचनालय आहे, प्रवेश विनामूल्य आहे, आणि माझ्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यात कधी वाचनालयाचे वर्गणीपत्र भरले नाही, त्या तिथे पाऊण तास हलल्या नाहीत. क्वीन व्हिक्टोरिया मार्केट हा १८७८ पासूनचा बाजार आहे. सोमवारी आणि बुधवारी तो बंद असतो, त्यामुळे वार पाहून जा. तिथे एका गाडीवर जॅम भरलेले गरम डोनट मिळतात. पहिला घास सांभाळून घ्यावा.

नोव्हेंबरात घड्याळ भारताच्या साडेपाच तास पुढे असते आणि ऋतूंचा भरवसा नसतो. सकाळी सुती साडी, दुपारी टोपी, संध्याकाळी स्वेटर, असे तिन्ही एकाच पिशवीत हवे.

घाटवाट

मला हे मान्य नाही. आम्ही दोघे २०१८ साली बारा दिवसांत चार शहरे करून आलो आणि त्याचा एक क्षणही पश्चात्ताप झालेला नाही. भारतातून तिथवर पोहोचायलाच जवळजवळ एक दिवस जातो, व्हिसाचे पैसे जातात, आणि साठी ओलांडल्यावर दुसऱ्यांदा जाणे होत नाही, हे कटू असले तरी खरे आहे. अशा वेळी सिडनी वगळायचे? १९७३ साली खुले झालेले ऑपेरा हाउस, त्यापलीकडचा १९३२ चा पोलादी पूल, आणि या दोन्हींच्या मधून मॅनलीकडे जाणारी अर्ध्या तासाची फेरी. त्या बोटीच्या पुढच्या कठड्याशी माझी पत्नी न बोलता उभी राहिली, आणि तिला ओळखणाऱ्यांना याचे महत्त्व कळेल. ज्या वास्तुरचनाकाराने, यॉर्न उट्झनने, ती इमारत रचली, त्याला वादापायी १९६६ मध्ये काम सोडून जावे लागले आणि पूर्ण झालेली इमारत त्याने कधीच पाहिली नाही. निदान आपण पाहून यावी.

मोगरा

घाटवाट, तुमचा मुद्दा भावनेला पटतो, हिशेबाला पटत नाही. मेलबर्नहून सिडनीचे विमान दीड तासाचे असले तरी सकाळी दहाला खोली सोडायची, विमानतळ गाठायचा, तिकडे उतरून पुन्हा शहरात यायचे आणि खोली मिळेपर्यंत सामान घेऊन बसायचे, यात दिवस संपतो. चार शहरांत असे तीन दिवस जातात. दहातले तीन दिवस बॅगांच्या चाकांचा आवाज ऐकण्यात गेले, तर उरले सात.

अहो_वाईकर

सर्वांना नमस्कार. या धाग्यात ज्यांचा उल्लेख 'हे' असा झाला आहे तो मीच. आमची बाजू मांडायला कोणी नाही असे दिसल्यामुळे आज खाते उघडले.

मी चार शहरांचा हट्ट धरला हे खरे आहे, पण चटणीचे उदाहरण माझे नसून माझ्या मेहुण्याचे आहे. माझी भीती वेगळी आहे. दगड पाहणे मला आवडते, परंतु दहा दिवस दगड पाहणे जमेल की नाही याची खात्री नाही. मेलबर्नमध्ये माझ्यासाठी क्रिकेटचे मैदान सोडून काय आहे, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

चहाबाज

स्वागत आहे, काका. ३० वर्षांच्या संसारात आपली बाजू मांडायला आंतरजालावर खाते उघडावे लागणे, यातच सगळे आले.

स्टिअरिंग

'मैदान सोडून' कशाला? ते मैदानच एक दिवस खाते. १८७७ साली जगातला पहिला कसोटी सामना जिथे झाला तिथे तुम्ही उभे राहता. सामना नसेल त्या दिवशी मार्गदर्शकासह आत नेतात, आणि खाली क्रीडासंग्रहालय आहे. मराठी माणसाने तर दोन सामन्यांसाठी तिथे जावे. फेब्रुवारी १९८१ मध्ये सुनील गावसकर ७० धावांवर पायचीत दिले गेले, चिडून चेतन चौहानांना बरोबर घेऊन निघाले, आणि संघव्यवस्थापकांनी सीमारेषेवर चौहानांना परत पाठवले नसते तर सामनाच हातचा गेला असता. शेवटी १४३ धावांचा पाठलाग करणारा ऑस्ट्रेलियाचा संघ ८३ धावांत गारद झाला आणि दुखऱ्या पायाने गोलंदाजी करणाऱ्या कपिल देवने २८ धावांत ५ बळी घेतले.

यारातीर

आणि दुसरा सामना डिसेंबर २०२० चा. आधीच्या कसोटीत ॲडलेडला ३६ धावांत डाव संपलेला संघ, कर्णधार मायदेशी परतलेला, आणि नगर जिल्ह्यातून आलेल्या अजिंक्य रहाणेने त्या मैदानावर ११२ धावा काढून सामना जिंकून दिला. सामनावीराला त्या वर्षीपासून जॉनी मुलाघ पदक देऊ लागले आणि ते पहिल्यांदा रहाणेलाच मिळाले. मुलाघ हे १८६८ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या आदिवासी संघातले मोठे खेळाडू होते, याच व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिम भागातले. मैदानातल्या भव्य काचेच्या भिंतींपेक्षा मला ती गोष्ट जास्त आठवते.

अहो_वाईकर

मग आम्ही डिसेंबरअखेरच का येऊ नये? कसोटीही पाहता येईल.

कृष्णाकाठ

धागा स्तंभांचा आहे, यष्टींचा नाही. नोव्हेंबरची तिकिटे आरक्षित झाली आहेत, हे आपल्याला सकाळी चहाच्या वेळी सांगितले होते.

बेसाल्ट

ताई, मी भूशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि तुमच्या आकृतीसाठीच हा प्रतिसाद लिहितो आहे.

तिथला खडक चुनखडीचा आहे. दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेल्या जीवांच्या कवचांचा आणि सांगाड्यांचा तो थर आहे, आणि म्हणून तो आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणासारखा चिवट नाही, किंवा कोकणच्या जांभ्यासारखा खडबडीतही नाही. तिथून दक्षिणेला थेट अंटार्क्टिकापर्यंत मधे जमीन नसल्याने लाटा वाटेत कुठेही न थकता येऊन आदळतात. स्तंभांच्या पायथ्याची वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर झीज होते असे सांगतात. जुलै २००५ मध्ये त्यांतला एक स्तंभ, जवळजवळ ५० मीटर उंचीचा, काही क्षणांत कोसळून ढिगारा झाला.

पण तुमच्या चार गुणांच्या प्रश्नासाठी खरे उदाहरण पुढे काही मिनिटांवर आहे. लंडन ब्रिज नावाची दोन कमानींची एक नैसर्गिक रचना होती. जानेवारी १९९० मध्ये जमिनीकडची कमान पडली आणि पलीकडच्या भागावर गेलेली दोन माणसे समुद्रात अडकली, त्यांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले. कालपर्यंतचे भूशीर एका दुपारी बेट झाले.

त्याहून जवळ, लॉक आर्ड घळीत, १ जून १८७८ रोजी 'लॉक आर्ड' हे जहाज फुटले. ५४ जणांपैकी टॉम पिअर्स आणि ईव्हा कार्मायकेल हे दोघेच वाचले. त्या घळीच्या तोंडाशी एक कमान होती. २००९ साली तिचे छत कोसळले, दोन स्तंभ उरले आणि त्यांना टॉम आणि ईव्हा अशी नावे दिली. म्हणजे तुम्ही फळ्यावर तीच आकृती पुन्हा पुन्हा काढत होतात त्याच वर्षांत तिथे ती प्रत्यक्ष घडली. ४५ मिनिटांत यातले काय काय पाहणार?

घाटवाट

बेसाल्ट यांचा प्रतिसाद वाचून मी माझे मत अर्धे मागे घेतो. सिडनीचे अर्धे ठेवतो.

निरभ्र

एक सावधगिरीची सूचना. आम्ही ती एकदिवसीय बससहल केली. चालक उत्तम माहिती सांगत होता, तक्रार त्याच्याबद्दल नाही. परंतु साठी गाठलेल्या माणसाने तेरा तासांत पाचशे किलोमीटर बसून काढणे आणि दर थांब्यावर 'बावीस मिनिटांत परत या' असे ऐकणे म्हणजे शिक्षा आहे. कोआला पाहायला केनेट रिव्हरला उतरलो, माना वर करून निलगिरीच्या झाडांत शोधत राहिलो, आणि तो सापडला त्याच क्षणी भोंगा वाजला.

स्टिअरिंग

यावर उपाय स्वतः गाडी चालवणे हाच आहे. तिथेही रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालवतात, इंग्रजीत छापलेला आपला परवाना चालतो, तरी आंतरराष्ट्रीय परवाना काढून बरोबर ठेवावा, कारण गाडी भाड्याने देणारे आपापले नियम लावतात. वेगमर्यादेबाबत मात्र 'थोडे इकडेतिकडे' ही कल्पना तिथे नाही. कॅमेरा तुमच्याशी वाद घालत नाही.

मेलबर्न शहरात 'हुक टर्न' नावाचा प्रकार आहे. ट्रामच्या रस्त्यांवर उजवीकडे वळायचे असेल तर डाव्या टोकाला जाऊन चौकात थांबायचे आणि आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा होताच सगळ्यांसमोरून उजवीकडे वळायचे.

चहाबाज

पुण्यात हा प्रकार वर्षानुवर्षे चालू आहे, फक्त त्याला नाव नव्हते.

मोगरा

स्टिअरिंग, ६१ वर्षांच्या माणसाला तुम्ही साडेपाच तासांच्या फरकाने अर्धवट झोपेत, अनोळखी वळणांच्या रस्त्यावर चालवायला सांगता आहात. त्या रस्त्यावर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र आहे. माझा विरोध नोंदवून ठेवा.

यारातीर

दोघांचेही खरे आहे, म्हणून मधला मार्ग सांगतो. पहिले चार दिवस गाडीला हातच लावू नका, शहर ट्रामने पाहा. पाचव्या दिवशी सदर्न क्रॉस स्थानकातून रेल्वेने जीलाँगला या, तासाभराचा प्रवास आहे, आणि गाडी तिथून भाड्याने घ्या. म्हणजे हुक टर्न टळतो आणि शहरातले टोलरस्तेही टळतात. तिथे रोख पैसे घेणारा नाकाच नसतो, त्यामुळे नवख्या माणसाला आपण टोल चुकवला हेदेखील कळत नाही. काकांना गाडी नकोच असेल तर जीलाँगहून अपोलो बेपर्यंत किनाऱ्याने बस जाते. त्यापुढे स्तंभांकडे जाणारी बस आठवड्यातून मोजकेच दिवस असते, वेळापत्रक आधी पाहून वार ठरवावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. बहुतेक लोक मुक्काम अपोलो बे किंवा लॉर्नला करतात, कारण तिथे खाणेपिणे आणि बाजार आहे. तुम्ही दोन रात्री पोर्ट कॅम्पबेलला काढा. नोव्हेंबरात सूर्य सव्वाआठच्या पुढे मावळतो. मावळतीनंतर अपोलो बेला परतायचे तर ओटवेच्या जंगलातून अंधारात सव्वा तास गाडी चालवावी लागते, आणि नेमक्या त्याच वेळी कांगारू रस्त्यावर येतात. पोर्ट कॅम्पबेल स्तंभांपासून दहा-बारा मिनिटांवर आहे. शिवाय पहाटे बसगाड्या तिथे पोहोचूच शकत नाहीत.

रस्त्याबद्दलही एक गोष्ट. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळफावड्यांनी तो खोदला, आणि न परतलेल्या सोबत्यांचे स्मारक म्हणून खोदला. ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर लाकडी कमान आहे तिथे पाच मिनिटे थांबा. अशी कमान कोसळली तर पुन्हा बांधता येते, एवढाच फरक.

सुगरण_नव्हे

कोणी खाण्याबद्दल बोललेच नाही. विमानतळावर उतरताना जो जाहीरनामा भरायचा असतो त्यात खाद्यपदार्थ आहेत का, या प्रश्नाला निःसंकोच 'हो' लिहा. दाखवलेला पदार्थ फार तर काढून घेतात, लपवलेल्यासाठी दंड करतात. आमच्याकडे बंद पाकिटातला गोडा मसाला, चकल्या आणि भाजणी होती. अधिकारी बाईंनी मसाल्याचा वास घेतला, 'यात नारळ आहे का' असे विचारले, आणि पाकीट परत दिले. ओल्या कढीपत्त्याची एक काडी मात्र माझ्या नकळत डब्याच्या कोपऱ्यात राहिली होती, तिची रवानगी कचऱ्यात झाली. ताजी पाने, फळे, बिया आणि मांस नेऊच नये. शाकाहारी माणसाचे शहरात काही अडत नाही. किनाऱ्यावरच्या लहान गावांत मात्र बटाट्याचे काप आणि चीज यांवर रात्र काढण्याची मानसिक तयारी ठेवावी.

निरभ्र

फिलिप बेटावरच्या पेंग्विनांचा विषय निघण्याआधीच माझी तक्रार नोंदवतो. १४० किलोमीटर गेलो, उघड्या पायऱ्यांवर गार वाऱ्यात दीड तास बसलो, आणि छायाचित्र काढायला बंदी. अंधारात फूटभर उंचीची काही आकृती हलली, ते पेंग्विन होते असे सांगण्यात आले.

मोगरा

माझा अनुभव अगदी उलट आहे. ते जगातले सर्वांत लहान पेंग्विन आहेत, ३३ सेंटिमीटर उंच आणि किलोभर वजनाचे. दिवसभर समुद्रात मासे पकडतात आणि अंधार पडला की किनाऱ्यावरच्या बिळांत परततात. आठदहा जणांचा घोळका पाण्याबाहेर येतो, उघडी वाळू पाहून बिचकतो, एखादा पक्षी हलला की सगळे पुन्हा पाण्यात पळतात. तिसऱ्या प्रयत्नात एक धीट पुढे होतो आणि बाकीचे त्याच्या मागून वाकून धावतात. रस्ता ओलांडणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या आजींची मला आठवण झाली.

बंदीचे कारण झगझगीत दिवा त्यांच्या डोळ्यांना सोसत नाही हे आहे. आणि तिथे आपण बसतो त्या परिसरात पूर्वी चक्क घरांची वसाहत होती. पेंग्विन नष्ट होतील या भीतीने राज्य सरकारने १९८५ साली ती सगळी घरे आणि भूखंड परत विकत घ्यायचे ठरवले आणि २०१० पर्यंत ते काम पुरे केले. पक्ष्यांसाठी माणसांची वसाहत उठवल्याचे उदाहरण मला तरी दुसरे माहीत नाही. त्यापुढे छायाचित्राचे दुःख काय घेऊन बसायचे?

निरभ्र

हे मला कोणी आधी सांगितले असते तर कदाचित कमी थंडी वाजली असती.

रुळावरून

काकांसाठी : मेलबर्नजवळ बेलग्रेव्हहून 'पफिंग बिली' ही वाफेची गाडी १९०० पासूनच्या मार्गावर धावते. माथेरानच्या गाडीपेक्षा रूळ थोडे रुंद, ७६२ मिलिमीटरचे. खिडकीच्या कठड्यावर बसून पाय बाहेर सोडून प्रवास करण्याची तिथे परंपरा आहे. मोठी माणसेही बसतात.

अहो_वाईकर

वाफेची गाडी, मैदान आणि पेंग्विन एवढे मिळाल्यावर मी सिडनीवरील दावा सोडतो. मेहुण्याला मी पाहून घेईन.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. यात्रा कंपनीला नकार कळवला. शहरात चार रात्री, लॉर्नला एक, पोर्ट कॅम्पबेलला दोन, परत शहरात तीन, असे ठरले आहे. आल्यावर लिहीन.

कृष्णाकाठ

परत येऊन तीन आठवडे झाले. लिहीन असे म्हटले होते, म्हणून धागा वर काढते आहे.

शहराबद्दल यारातीर यांनी लिहिलेले शब्दशः खरे निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगाची लाही होत होती, वारा नैऋत्येकडून फिरला आणि तासाभरात ह्यांना स्वेटर घालावा लागला. डोनटबाबतचा इशारा मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता. तरीही पहिल्याच घासाला गरम जॅम थेट सदऱ्यावर आला, आणि तोच सदरा घालून ते मैदान पाहायला आले. मैदानाच्या कठड्याशी उभे राहून ह्यांनी 'गावसकर इथूनच निघाले असणार' असे तिघा अनोळखी माणसांना सांगितले. त्यांपैकी एक जण न्यूझीलंडचा होता आणि त्याने सहानुभूतीने ऐकून घेतले. वाचनालयात मात्र मला ह्यांना ओढून बाहेर काढावे लागले.

गाडी जीलाँगहून घेतली. पहिला तासभर ह्यांनी वेगमर्यादेच्याही खाली चालवली. मागे रांग लागली की रस्त्यालगतच्या जागेत बाजूला होऊन सगळ्यांना पुढे जाऊ दिले. वाटेत ओटवेच्या जंगलात मेट्स रेस्ट नावाच्या ठिकाणी लाकडी पायवाटेवरून वीस मिनिटे चाललो. नेचे आपल्याकडे कुंडीत वाढते, तिथे त्याचे डोक्यावर छत होते.

पोर्ट कॅम्पबेलला आमची एक फजिती झाली. सूर्यास्त पाहून रात्री नऊच्या सुमारास गावात आलो तर खाणावळी बंद झाल्या होत्या. सुगरण_नव्हे यांनी सांगितलेल्या बटाट्याच्या कापांचीही सोय नव्हती. त्या रात्री आम्ही सांगलीचे भडंग, जे विमानतळावर रीतसर दाखवून आणले होते, आणि दोन केळी एवढ्यावर झोपलो. सूर्यास्ताला इतकी गर्दी होती की मला स्तंभांपेक्षा लोकांचे उंचावलेले हातच जास्त दिसले, आणि मी थोडी हिरमुसले, हे प्रामाणिकपणे सांगते.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला पुन्हा गेलो. आमच्याखेरीज चार माणसे होती. तिरप्या उन्हात स्तंभांवरचे थर स्पष्ट दिसत होते, एकावर एक, आडवे, वहीच्या कडेसारखे. फळ्यावर मी स्तंभ नेहमी गुळगुळीत काढत असे आणि आत तिरप्या रेघा मारत असे. त्या रेघा आडव्या हव्या होत्या. नंतर गिब्सन स्टेप्सच्या ८६ पायऱ्या उतरून वाळूवर गेलो. खालून कड्याकडे पाहताना कळले की उंची हा शब्द आपण किती सहज वापरतो. आम्ही कड्यापासून लांब उभे होतो, तसे फलकच लावले आहेत. वरून मूठभर माती सुटली आणि घरंगळत खाली आली. आवाज जेमतेम झाला, चाळणीतून रवा पडतो तेवढा.

ह्यांनी विचारले, 'पुढचा स्तंभ कुठला?' मी पुढच्या भूशिराकडे बोट दाखवले. त्याच्या पायथ्याशी एक काळी खोबण होती, अजून गुहादेखील म्हणता येणार नाही अशी. 'किती वर्षे लागतील?' असे ह्यांनी विचारले आणि मी सांगितलेला आकडा ऐकून म्हणाले, 'मग आज संध्याकाळी पुन्हा यायला हरकत नाही.' आम्ही तिथे एकूण चार वेळा गेलो, आणि त्यातले दोन वेळा ह्यांच्या आग्रहावरून.

पेंग्विन तिसऱ्या प्रयत्नात नव्हे, पाचव्या प्रयत्नात आले. मोगराताई, त्या आजी अगदी बरोबर ओळखल्यात.

घाटवाट

छान लिहिलेत. सिडनीचे उरलेले अर्धेही मागे घेतो, परंतु पत्नीला हे कळवू नये.

चहाबाज

सगळे वाचले, मुख्य प्रश्न राहिला. शेवटी मोजले किती?

कृष्णाकाठ

मुख्य सज्जावरून मला सात दिसले.

अहो_वाईकर

आठ. ती टोकाला गेली असती तर तिलाही दिसला असता.